बाळंतविडा आणि सत्तावीस ओळींची यादी

"मॅडम, लेकराला नेमकं लागतं तरी काय काय?"

सातवा-आठवा महिना लागला की हा प्रश्न माझ्यासमोर येतोच. कधी गरोदर मुलगी विचारते, कधी तिची आई. ज्याला पैसे मोजायचे असतात तो बाप बहुतेक वेळा दारापाशी उभा राहून ऐकत असतो. लातूरला समुपदेशन करायला लागल्यापासून याचं उत्तर मी किती वेळा दिलं, मोजदाद नाही. त्यातलं एक मात्र चुकलं होतं. तेच सांगते. नावगाव सांगणार नाही, एकदोन तपशीलही बदललेत.

औसा तालुक्यातलं कुटुंब. मुलगी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. तारीख एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली. वडिलांनी खिशातून वहीच्या कागदाची घडी काढली आणि माझ्यापुढे सरकवली.

"तुम्हीच बघा. भाव येईल म्हणून सोयाबीन राखून ठेवलंय घरात. सात क्विंटल काढलं की होतंय एवढं. लागत असंल तर काढू, लेकीचं पहिलंच बाळतपण हाय."

सत्तावीस ओळी आणि खाली बेरीज, अठ्ठावीस हजार. मोबाइलवरचे व्हिडिओ आणि पुण्याच्या जावेनं पाठवलेली यादी, दोन्ही एकत्र केलेलं. लोकरीचे तीन सेट, बाबागाडी, राईची उशी, पावडर, काजळाची डबी, डायपरचे मोठे पुडे, दुधाच्या चार बाटल्या, बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र. जावेच्या माहेरचा बाळंतविडा बारशाला पाटावर मांडला होता, अख्ख्या भावकीनं तो बघितला होता, हेही बोलता बोलता कळलं.

आईचं दुसरंच. "आमच्यात आधी काही आणत न्हाईत. पाचवीपर्यंत लेकराच्या अंगाला नवं कापड लावत न्हाईत."

मी लाल पेन उचललं. सोयाबीनचा बाप समोर बसलेला, मला वाटलं त्याचे पैसे वाचवणं हेच माझं काम.

लोकर गेली. लातूरला वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे असतो, तिथे बाळाला स्वेटर कशाला? जन्मल्यावर पहिले काही तास मात्र बाळाला ऊब लागते, मे महिन्यातसुद्धा. ओलं अंग पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, डोक्याला सुती टोपडं, वरून दुपटं. घरी आल्यावर आपल्या अंगावर जेवढे कपडे त्यापेक्षा फार तर एक थर जास्त, आणि भर उन्हाळ्यात तोही नको. कूलर चालेल, झोत थेट बाळावर नको.

राईची उशी गेली. बाळाला उताणं, सपाट अंथरुणावर निजवायचं, उशी लागतच नाही. पावडर गेली, ती श्वासातून आत जाते. काजळाची डबी गेली, कारण काजळात शिसं सापडतं. मावशींनी, म्हणजे मुलीच्या आईनं, तोंड वाकडं केलं. दृष्ट लागू नये म्हणून तळपायाला तीट लावा म्हटलं, तेव्हा कुठे नरमल्या. बाबागाडी का गेली ते सांगायलाच नको, घर ते रस्ता ढेकळांची वाट.

बाटल्या आणि ते यंत्र, दोन्हीवर मी एकच लांब रेघ ओढली. "सहा महिने फक्त अंगावरचं दूध. बाटलीनं जुलाब होतात. दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, ती उगीच नाही." सगळं खरं होतं. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. वडील खूश होऊन गेले.

पुढच्या तारखेला ती आली नाही. फोन केला तर आई म्हणाली, "रुसून बसलीय. कशापायी, सांगत बी न्हाई."

आठवड्यानं दोघी एसटीनं आल्या. आईला मी मुद्दाम बाहेर बसवलं. मुलगी बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही विचारलंच नाही, बाटली कशाला म्हणून."

तिची बी.एड.ची परीक्षा जुलैत होती. केंद्र लातूरला. जाणं-येणं आणि पेपर धरून पाच तास बाळ तिच्याशिवाय. सासरी परवानगी होती, पण "लेकराचे हाल नकोत" या अटीवर. परीक्षा जाणार या भीतीनं तिनं बाटली लिहिली होती, आणि बाटली आली म्हणून मग यंत्र. मी मात्र तिला जाहिरातींना भुललेली पोर समजून कायदा ऐकवला होता. सत्तावीस ओळींतली तिची स्वतःची ओळ हीच होती. बाकी बरीचशी जावेची होती.

मग आम्ही कागद उलटा केला आणि वस्तू न लिहिता बाळाचा दिवस लिहिला. झोपतं, पितं, मुततं, शी करतं, पुन्हा झोपतं. प्रत्येकासमोर काय लागतं ते तिलाच विचारलं.

दूध पुरतंय की नाही हे कशावरून? पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी झाली की पुरतंय. उन्हाळ्यात तहान लागते म्हणून पाणी पाजायचं नाही, आईच्या दुधात शंभरातले अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. पाणी प्यायचंय ते आईनं. मध-घुटीही नको. मधातून तान्ह्या बाळाला बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो, वर्षभर बोटभरही चाटवायचा नाही.

लघवीवरून गाडी डायपरवर आली, आणि इथे मीच अडले. सुती लंगोट उत्तम, पण धुवायला पाणी लागतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरमध्ये बसून "रोज वीस लंगोट धुवा" म्हणणं मला जड जातं. तिच्या गावात एप्रिलपासून टँकर सुरू होतो. हिशेब मांडला. डायपरचा नग दहा रुपयांचा धरला, दिवसाला आठ, तर महिन्याला चोवीसशे. सगळेच डायपर परवडत नाहीत, सगळेच लंगोट धुवून होत नाहीत. रात्री आणि दवाखान्यात जाताना डायपर, दिवसा लंगोट असं ठरलं. लंगोट मात्र पंचवीस-तीस हवेत.

ते कुठून आणायचे? मावशींना आत बोलावलं. नवं कापड न लावण्याची त्यांची रीत मला पटते. नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते, जुनं धोतर शंभर वेळा धुऊन मऊ झालेलं असतं. आजोबांची दोन धोतरं आणि त्यांच्या स्वतःच्या सुती साड्या निघाल्या. गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायच्या, एवढीच माझी भर. "आधी आणायचं न्हाई" हेही पाळलं गेलं, कारण घरातलंच कापड फाडायचं होतं.

विकत घ्यायचं उरलं ते मामानं जन्मानंतर लातूरच्या गंजगोलाई बाजारातून आणायचं : पुढून बंदांची सहा-सात झबली, दोन टोपडी, रबरी कापड, मच्छरदाणी. थर्मामीटर मात्र आधीच घ्यायला लावलं. साडेसदतीस सेल्सिअसच्या वर ताप, अंग गार पडणं, दूध न ओढणं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, तळहात-तळपाय पिवळे होणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठायचा. रुग्णवाहिकेचा १०२ नंबर भिंतीवर लिहून ठेवायचा. पिशवीत आधार कार्ड, बँक पासबुक आणि माता-बाल संरक्षण कार्ड. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळतात, ते कागदांवाचून अडतात.

मावशींनी शेक-शेगडीचा विषय काढलाच. मेच्या उन्हात दारं-खिडक्या लावून धुरी? नाही म्हटलं. ओव्याचा वास हवा तर पुरचुंडी करा, धूर नको.

आता परीक्षा. हातानं दूध कसं काढायचं ते दाखवलं. साधारण पंचवीस अंशांच्या खोलीत ते चार तास टिकतं, त्याहून उकाडा असेल तर तेवढं धरू नये. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवलं तर चार दिवस, पण त्यांच्याकडे वीज जाते, म्हणून त्याच सकाळचं काढलेलं त्याच दिवशी पाजायचं. पाजायला बाटली नको, वाटी-चमचा किंवा बोंडलं, म्हणजे तान्ह्याला दूध पाजायचं चोचीचं लहान भांडं. बोंडलं घासायला सोपं, उकळायला सोपं, यंत्र नको.

"बोंडलं?" मावशी एकदम हसल्या. "हिलाच पाजलंय की मी त्यानं. पितळी हाय, माळवदावर पडलंय."

पितळी नको, स्टीलचं घ्या म्हटलं. परीक्षेच्या आठवडाभर आधी आजीच्या हातून सवय लावा, पेपरला निघताना अंगावर पाजून जा, आल्या आल्या पाज.

वडील न्यायला आले तेव्हा नवा कागद त्यांना दिला. त्यांनी बेरीज दोनदा बघितली, मग विचारलं, "म्हंजी सोयाबीन?"

"एक क्विंटल काढा," लेकच म्हणाली. "परीक्षेचा फॉर्म पण भरायचाय."

जुलैत दुपारी तिचा फोन आला, बसस्टँडवरून. पेपर बरा गेला होता. बाळ प्यालं का विचारलं.

"घरी फोन लावला होता. अर्धं प्यालं म्हणे, अर्धं आईच्या पदरावर. ठेवते मॅडम, औशाची गाडी लागली."