तडा नेमका कशाने गेला?

पत्र थोडक्यात असं: नाशिकची चोवीस वर्षांची मुलगी, शिल्पकलेची पदवी झालेली. वडील तांबट आळीत पितळी मूर्ती आणि समया ओततात. हिला काचेची ओतीव शिल्पं करायची आहेत. मैत्रिणीची मातीकामाची विजेची भट्टी मागून तिने आजीचा चेहरा ओतला. काच म्हणजे फुटक्या बाटल्या आणि जुन्या तावदानांचे तुकडे. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, “पितळ तासाभरात साच्यातून निघतं, बिल किती चढवणार?” तिने रागाने भट्टीचं दार उघडलं. चेहरा मधोमध तडकला. महिना झाला, दोघं बोलत नाहीत. “ताई, घर सोडून शिकायला जाऊ का?”

अगं, आधी फुटलेल्या चेहऱ्याबद्दल बोलू.

तू बाबांच्या माथी खापर फोडून मोकळी झालीस. दार तू उघडलंस. आणि दारामुळेच तडा गेला, हे तरी कशावरून? बाटलीची काच आणि तावदानाची काच दिसायला सारखी, पण थंड होताना दोन्ही सारख्या आक्रसत नाहीत. एकत्र वितळवल्या की सांध्यापाशी ताण राहतो. असा तुकडा तू पंधरा दिवस बंद ठेवला असतास तरी फुटू शकला असता.

घाई मात्र झालीच. काच आठशेच्या वर वितळून साच्यात बसते, मग साडेपाचशे अंशांच्या आसपास तिला थांबवून ठेवावं लागतं आणि पुढे मुंगीच्या पावलाने खाली आणावं लागतं. जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट लागतो. तुझा चेहरा दहा सेंटीमीटर जाड होता म्हणतेस. त्याला आठवडाभर तरी द्यायला हवा होता. पालोमारच्या दुर्बिणीचा पाच मीटरचा आरसा 1934 साली अमेरिकेत ओतला, तो थंड करायला जवळपास दहा महिने घेतले, आणि तोही दुसऱ्या खेपेचा! बाबा पितळेचा हिशोब सांगत होते. तो त्यांच्या जागी बरोबर आहे. काचेचा त्यांना कोण सांगणार होतं, तू तर बोलतच नाहीस.

शिकायला जा, जरूर जा. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, सिरॅमिक आणि काच असा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षेची तयारी आत्तापासून कर. फिरोजाबादेत काच भरपूर पाहायला मिळेल, पण तिथलं बरंचसं काम फुंकायचं आणि बांगड्यांचं. साच्यातलं शिल्प तिथे आयतं शिकायला मिळेल असं समजू नकोस. पण घर सोडून? तू जे शिकायला बाहेर निघालीस त्यातलं निम्मं बाबांच्या दुकानाच्या मागे चालतं. मेणाचं रूप करणं, त्यावर साचा चढवणं, मेण वितळवून काढणं, ओतायची वाट कुठे ठेवायची, हवा कुठून निघेल. प्लास्टर आणि सिलिकाचा साचा काचेसाठी वेगळा पडतो, हात मात्र तेच लागतात. (सिलिकाची भुकटी कोरडी हाताळताना चांगला मास्क लाव, फुप्फुसात बसली की निघत नाही. बाबांनाही लावायला सांग, ते ऐकणार नाहीत, तरी सांग.)

चेकोस्लोव्हाकियातल्या यारोस्लाव्हा ब्रिख्तोव्हाचं नाव तू ऐकलं असशील. तिने नवरा स्तानिस्लाव्ह लिबेन्स्कीबरोबर ओतीव काचेला शिल्पात मानाची जागा मिळवून दिली. चित्रं त्याची, मातीतलं रूप तिचं. तिचे वडील झेलेझ्नी ब्रोदच्या काच-शाळेच्या संस्थापकांपैकी एक, आणि साच्यात काच वितळवायचे सुरुवातीचे प्रयोग तिने त्यांच्यासोबतच केले. त्या बापलेकीत भांडणं झाली असतील की नाही कोण जाणे, मला तर वाटतं झालीच असतील.

पैशांचं बाबांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. आठवडाभर भट्टी चालवायची तर बिल येणारच. पहिलं वर्षभर मुठीएवढीच कामं कर. एकाच जातीची काच घे, मग ती भंगारातली असली तरी चालेल; एकाच प्रकारच्या बाटल्या गोळा कर.

आता एक काम. पोलराइज्ड गॉगलच्या दोन काचा मिळव. एकीवर दुसरी धरून फिरव, उजेड अडेल तिथे थांब. मग फुटक्या चेहऱ्याचा आरपार दिसणारा तुकडा दोन्हींच्या मध्ये धर. ताण असेल तिथे काळोखात उजेड चमकतो. चमक बाटली आणि तावदानाच्या सांध्याला धरून असेल, तर चूक काच निवडण्यात झाली. हे घरी एकटीने करू नकोस. दुकान बंद व्हायच्या वेळी गल्ल्यापाशी जा, एक काच बाबांच्या हातात दे.