प्रिसिजनचा आवाज आणि पाचवी तार

पाच तारांचा बेस गिटार बांधून घ्यायचाय, आवाज फेंडर कंपनीच्या जुन्या प्रिसिजन बेसचाच हवा, पण खालची बी (B) तार, ॲक्टिव्ह प्रीॲम्प (बॅटरीवर चालणारं, आवाज घडवणारं सर्किट) आणि हलकी बॉडीही हवी, असं तुम्ही विचारलंय. जमतं. पण आधी तो जुना आवाज कुठून येतो ते ओळखा. 1957 मध्ये आलेला दोन तुकड्यांचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारं चुंबकीय उपकरण) आणि त्याची जागा, मर्म तिथे आहे. फेंडरच्याच जॅझ बेसचा ब्रिजकडचा (बॉडीवर तारा अडकवतात त्या बाजूचा) पिकअप सत्तरच्या दशकात जेमतेम 10 मिलिमीटर मागे सरकला, तेवढ्यानेही आवाज धारदार झाला. म्हणून इथे अंदाजपंचे चालत नाही.

बी तार 31 हर्ट्झची. 34 इंचांच्या स्केलवर (म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीवर) ती ढिली वाटते. 35 इंचांवर त्याच तारेचा ताण साधारण 6 टक्के वाढतो, कारण ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. मात्र मग पिकअपची जागा जुन्या मापाने आखू नका. ब्रिजपासूनचं अंतर 35/34 ने गुणा. चारेक मिलिमीटरचा फरक पडतो. बी घट्ट व्हावी म्हणून काहीजण पिकअपचे तुकडे उलटे लावतात, जाड तारांचा तुकडा ब्रिजकडे. बी सुधारते, पण ई-ए (E-A) तारांचा भरदारपणा जातो, आणि तुम्हाला तर तोच हवाय. माझं मत: उलटं करू नका.

प्रीॲम्पमध्येच बहुतेकांची गफलत होते. पिकअप थेट 1 मेगाओमच्या प्रीॲम्पला जोडला की वरचे तीक्ष्ण सूर उघडे पडतात आणि आवाज टकटकीत होतो. 250 किलोओमचे व्हॉल्यूम-टोन पॉट (फिरवायच्या बटणांखालचे रोधक) आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर प्रीॲम्पच्या आधी तसेच ठेवा, शिवाय प्रीॲम्प वगळणारा बायपास स्विच द्या. बॅटरी संपली तरी कार्यक्रम थांबत नाही. केबल लावायचा जॅक स्टिरिओच हवा, बॅटरीची काळी वायर त्याच्या रिंगला (मधल्या जोडणीला). ती स्लीव्हला (ग्राउंडच्या जोडणीला) जोडली तर केबल काढल्यावरही सर्किट चालूच राहतं.

हलकी बॉडी सगळ्यात शेवटी. आतून पोकळ केलेली बॉडी आणि वर पाच जड ट्यूनिंग मशीन (तारा पिळायच्या खुंट्या), म्हणजे खांद्याच्या पट्ट्यावर अडकवताच नेक (गिटारची मान) खाली झुकणार. आधी हलक्या मशीन घ्या, आणि वरच्या शिंगावरचं पट्ट्याचं बटण 12 व्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) रेषेपर्यंत येईल असं बघा.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात नेक हलते, तेव्हा ट्रस रॉडच्या (नेकचा बाक जुळवणाऱ्या आतल्या सळईच्या) दोन्ही बाजूंना कार्बनच्या पट्ट्या घालणं योग्यच. पण नेक इतकी ताठ होते की तारांच्या ताणाने हवा तेवढा बाक येईलच असं नाही. म्हणून दोन्ही बाजूंना वाकवणारा ट्रस रॉड सांगा. ‘जी’ (G) तारेवर 5 ते 7 फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो, तो दोष कार्बनने जात नाही, फक्त जागा बदलतो. हेडस्टॉकला (नेकच्या टोकाला, जिथे ट्यूनिंग मशीन असतात) कापड गुंडाळून छोटा क्लॅम्प लावून बघा. वजन बदललं की तो दोष कुठे सरकतो ते लगेच ऐकू येईल.