पायांखाली कापूस

"कॅल्शियम घेते, महिन्याला डी-व्हिटॅमिनची पुडी घेते, तरी तोल जातो. अजून एखादी गोळी सांगा ना." ७१ वर्षांच्या या आजी सुनेला घेऊन आल्या होत्या. साठीपुढच्या बऱ्याच बायकांचा हाच प्रश्न असतो.

तोल नेमका कधी जातो, हे आधी विचारलं. "तोंड धुताना डोळे मिटले की. आणि रात्री अंधारात बाथरूमला जाताना." आणि तळवे? "कापसावर चालल्यासारखं वाटतं."

इथे थांबायला हवं होतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन १२ वर्षं चालू, जेवण शाकाहारी, बी-१२ व्हिटॅमिन कधीच तपासलेलं नाही. मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होऊ शकतं, आणि ते कमी पडलं की नसांवर परिणाम होतो. तळव्यांची जाणीव बोथट झाली की तोल डोळ्यांच्या भरवशावर राहतो. डॉक्टरांनी तपासलं, बी-१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. डी मात्र पुरेसं होतं, म्हणून ६०,००० युनिटची पुडी त्यांनी बंद केली. जास्त डी म्हणजे जास्त ताकद, असं नसतं. ऑस्ट्रेलियात वयस्क स्त्रियांना वर्षाला एकदम ५,००,००० युनिटं देऊन पाहिली, तर त्या उलट जास्त पडल्या.

प्रथिनं मोजली तर दिवसाला जेमतेम ३५ ग्रॅम. वजन ५८ किलो, म्हणजे साधारण ५८ ग्रॅम हवेत. मूत्रपिंडाचा रिपोर्ट ठीक होता, म्हणून नाश्त्याला मोड आलेले मूग, दुपारी घट्ट वरण आणि वाटीभर दही, संध्याकाळी ५० ग्रॅम पनीर, असं वाढवत नेलं.

पण पायांना तोल शिकवावाच लागतो. आठवड्यातून तीन दिवस, गॅस बंद असताना, ओट्यापाशी, अनवाणी. सून जवळ उभी. टाचा उचलणं १० वेळा. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद उभं राहणं. आजी ओटा घट्ट धरायच्या. बोटांची पेरं पांढरी पडायची. त्यात सगळं काम हातच करतात. म्हणून आधी दोन्ही हातांची बोटं नुसती टेकवायची, मग एकाच हाताची, मग फक्त दोन बोटं.

खुर्चीतून हात न लावता उठणं जमेना, कारण पावलं फार पुढे असायची. ती गुडघ्यांच्या किंचित मागे घेतली, छाती पुढे झुकवली, आणि उठता आलं. सुरुवातीला पाच वेळा, नंतर दहा. बसताना धपकन नाही, सावकाश.

तीन महिन्यांनी दोन बोटांच्या आधाराने १० सेकंद जमले. नसा सावकाश सुधारतात, तळवे अजून पूर्ण जागे झालेले नाहीत. त्यामुळे रात्रीचा दिवा चालू असतो, आणि तोंडाला साबण लावताना एक हात बेसिनवर.