‘बँक’: काठ की पेढी?

भाषांतरात नवीन आहात, तर ‘बँक’ या इंग्रजी शब्दापाशी जरा थांबा. पैशांची बँक आली इटालियन ‘बांका’वरून, फ्रेंचमार्गे. बांका म्हणजे बाक किंवा मेज. त्यावर सराफ नाणी मांडून बसायचे. नदीकाठची बँक आली स्कँडिनेव्हियाकडून. पण खोलात गेलं की दोघींचं जर्मानिक (इंग्रजी, जर्मन ज्या भाषाकुळातल्या, त्यातलं) मूळ एकच निघतं. आपला शाळेतला ‘बाक’सुद्धा याच घराण्यातला, पोर्तुगीजांकडून आलेला. हे कळलं त्या दिवशी मला केवढा आनंद झाला होता! विमान ‘बँक’ करतं तेव्हा ते वळताना एका बाजूला कलतं. कोशातला पहिलाच अर्थ उचलू नका, आजूबाजूची वाक्यं आधी वाचा. ‘बँक ऑन’ दिसलं, तर तिथे ‘भरवसा ठेवणे’ घ्या.