अमिगावर पीसीची फ्लॉपी

प्रश्न : माझ्या अमिगा १२०० संगणकात (वर्कबेंच ३.० ही त्याची कार्यप्रणाली) पीसीवर भरलेली फ्लॉपी घातली की ‘डीएफ०:????’ एवढेच चिन्ह उमटते. ड्राइव्ह बिघडला असेल का?

उत्तर : ड्राइव्हवर इतक्यात संशय घेऊ नये. दोन्ही संगणक फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूला ८० ट्रॅकच (वर्तुळाकार पट्टे) आखतात; परंतु पीसी एका ट्रॅकवर ५१२ बाइटचे ९ सेक्टर (तुकडे) लिहितो, तर अमिगा ११, आणि म्हणून त्याच फ्लॉपीवर तिकडे ७२० तर इकडे ८८० किलोबाइट मावतात. पीसीची मांडणी वाचणारे क्रॉसडॉस हे सॉफ्टवेअर वर्कबेंचसोबतच मिळते. ‘स्टोरेज’मधील ‘डॉसड्रायव्हर्स’ हा फोल्डर उघडून ‘पीसी०’वर दोनदा क्लिक करावे. प्रश्नचिन्हे तशीच राहतील, त्यांची काळजी नको. शेजारी फ्लॉपीचे दुसरे चिन्ह आले की फाइली तिथून उघडाव्यात.

तेही न आल्यास फ्लॉपीचे कोपरे पाहावेत. सरकत्या खिट्टीच्या भोकासमोर दुसरे उघडे भोक असेल, तर ती १.४४ मेगाबाइटची असण्याचीच शक्यता अधिक, आणि आपला ड्राइव्ह तशी फ्लॉपी वाचू शकत नाही. भोकावर चिकटपट्टी लावून ती ७२० किलोबाइटला फॉरमॅट करण्याची युक्ती बरेच जण वापरतात. मात्र अशा फ्लॉपीचा चुंबकीय लेप वेगळा असल्याने मजकूर टिकण्याचा भरवसा नसतो. जपायच्या फाइली पीसीवरून खऱ्या डीडी (दुहेरी घनतेच्या, ७२० किलोबाइटच्या) फ्लॉपीवरच उतरवाव्यात.