मोठी संख्या फोडताना आधी नीट बघ

संख्या दिसली की लगेच २ने भागत सुटू नकोस. ७,२०,७२० घे. स्वल्पविराम काढून बघ: ७२०७२०. तेच तीन अंक दोनदा! आपला लाखाचा स्वल्पविराम नेमकं हेच लपवतो. म्हणजे ही संख्या ७२० × १००१, आणि १००१ = ७ × ११ × १३. हे पाठच करून टाक, जन्मभर उपयोगी पडतं. उरलेले ७२० तर तोंडी फुटतात: २⁴ × ३² × ५.

आता विभाजक मोजायचे. प्रत्येक घातांकात १ मिळव आणि गुणाकार कर: ५ × ३ × २ × २ × २ × २ = २४०. मी सुरुवातीला हा १ हमखास विसरायचो. इथे विसरलास तर उत्तर ८ येईल, आणि २४०च्या जागी ८ बघूनही शंका आली नाही तर मग कठीण आहे बाबा.

खरी गंमत पुढे आहे. १ ते १६ या सगळ्या संख्यांचा लसावि म्हणजे हीच संख्या. १६साठी २⁴, ९साठी ३². बाकीचे मूळ अवयव एकेकदा पुरतात. १७ मात्र बसत नाही, बाकी ५ उरते.