प्लंबरचे दहा किलो

प्रश्न : घरामागच्या पडवीत मी फर्निचर पॉलिशचं काम करतो. कॉम्प्रेसर २ एचपीचा आहे. होज सारखा पायात येतो म्हणून भिंतीवरून ९ मीटर लाईन टाकायची आहे. बाथरूमच्या कामातला यूपीव्हीसी पाईप उरलाय. प्लंबर म्हणतो, "दहा किलोचा पाईप आहे, तुमचा कॉम्प्रेसर आठवर कट होतो, बिनधास्त टाका." शिवाय पावसाळ्यात गनमधून पाण्याचे थेंब येतात, पॉलिश पांढरं धरतं. हवा सुकवणारा ड्रायर घ्यावा लागेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : टाका की बिनधास्त, पण नळाला. हवेला तो प्लास्टिकचा पाईप नको.

प्लंबर खोटं बोलत नाही, त्याचे दहा किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दहा किलो दाब, पाण्याचे आहेत. पाणी दाबलं जात नाही. पाईपला चीर गेली की एक चिळकांडी उडते आणि दाब संपतो. हवा मात्र आठ-नऊपट दाबून बसवलेली असते. प्लास्टिकला जरा चीर पडू दे, हवा सगळी एकदम फुलते आणि पाईपच्या काचेसारख्या कपच्या उडतात. त्यात कॉम्प्रेसरची गरम हवा आणि वर तापलेला पत्रा. उष्णतेनं हा पाईप आणखी दुबळा होतो. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाईप, घेऊ का, असं विचारू नका, त्यालाही नाहीच म्हणेन.

माझ्या मेव्हण्यानं गॅरेजात अशी लाईन टाकली होती. तीन वर्षं मला चिडवत होता, "काय झालं माझ्या पाईपला?" मग एका मे महिन्यात दुपारी एल्बो फुटला. तो जेवायला गेला होता म्हणून वाचला. बोटभर लांबीची एक कपची प्लायच्या दारात घुसली होती, ती मी पकडीनं उपसून काढली.

तुम्ही अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप टाका, २ एचपीला आणि ९ मीटरला तेवढा पुरतो. आटे पाडल्यावर पाईप उभा धरून आपटा, आतला चुरा पडू दे, नाहीतर तो गनच्या नोझलमध्ये येऊन बसेल. जीआय आतून गंजतो हे खरं आहे, पण ती घाण फिल्टर धरतो. पैसे असतील तर अॅल्युमिनियमचा पाईप उत्तम, आटे पाडायची कटकटच नाही. टाकीजवळ बॉल व्हॉल्व्ह आणि त्यापुढे हातभर रबरी होज हवाच. कॉम्प्रेसरची थरथर थेट लोखंडी पाईपला दिलीत, तर वर्षभरात सांधे गळू लागतील.

आता पाणी. शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं हवेच्या लाईनी सांभाळल्या, त्यातली निम्मी डोकेदुखी पाण्याचीच होती. तुमचा कॉम्प्रेसर तासाला साधारण दहा-बारा घनमीटर हवा ओढतो. पावसाळ्यात तो तासभर सलग चालला तर त्या हवेतून जवळजवळ पेलाभर पाणी सुटतं. काही टाकीत पडतं, उरलेलं वाफेच्याच रूपात पुढे जातं आणि हवा निवेल तिथे थेंब धरतं. म्हणून फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावू नका. तिथे हवा गरम असते आणि फिल्टर थेंब अडवतो, वाफ नाही. तो लावा गनजवळ, भिंतीच्या शेवटाला. मधला ९ मीटर धातूचा पाईप हवा निववायचं काम फुकटात करतो.

लाईनला कॉम्प्रेसरपासून पुढे मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या, म्हणजे शेवटचं टोक ९ सेंटिमीटर खाली. गनसाठी खाली उतरणारा फाटा टी-जोडाचं तोंड वर करून घ्या आणि छत्रीच्या मुठीसारखा वळवून खाली आणा. पाणी पाईपच्या तळातून वाहतं, ते वर चढून फाट्यात शिरत नाही. मुख्य पाईपच्या शेवटच्या टोकाला मात्र सरळ खाली हातभर तुकडा सोडा आणि त्याला बॉल व्हॉल्व्ह लावा. सगळं पाणी तिथे साठेल. रोज काम संपल्यावर तो आणि टाकीचा ड्रेन कॉक उघडायचा. अर्धा मिनिट लागतं, आणि हेच कोणी करत नाही.

दुकानदार एफआरएलचा, म्हणजे फिल्टर, दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि तेल सोडणारा ल्युब्रिकेटर, असा पूर्ण सेट गळ्यात मारेल. त्यातली तेलाची बाटली तुम्हाला नको, पॉलिशवर गोल खड्डे पडतील. फिल्टर-रेग्युलेटर तेवढा घ्या. हवा सोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बघा.

ड्रायर सध्या नको. हे सगळं करून थेंब आलेच तर बघू. पण पांढरं धरण्याचा सगळा दोष लाईनवर टाकू नका. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या पॉलिशमधलं थिनर उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो आणि पडवीतल्याच दमट हवेचं पाणी त्यावर बसतं. गनमधून कितीही कोरडी हवा आली तरी हे होणारच. थिनरमध्ये थोडं रिटार्डर, म्हणजे ते सावकाश उडू देणारं द्रावण, घातलं तर फरक पडतो. धो-धो पावसाच्या दिवशी मात्र गन खुंटीलाच राहू द्या आणि पॉलिश पेपर मारायची कामं काढा.